साखर घेणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र: तुमचा ऑडिटर फडात कधी येणार?

प्रति,
महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर घेणाऱ्या शीतपेय, बिस्किट, चॉकलेट आणि आइस्क्रीम कंपन्यांचे खरेदीप्रमुख व सस्टेनेबिलिटी अधिकारी,

स. न. वि. वि.

तुमच्या कंपन्यांची मानवाधिकार धोरणं मी वाचली आहेत. वेबसाइटवर असतात, कुणालाही वाचता येतात. बालकामगार चालणार नाहीत, वेठबिगारी चालणार नाही, स्त्री-पुरुष भेद चालणार नाही, पुरवठादारालाही हेच नियम लागू, असं सगळं त्यात आहे. मजकुराबद्दल माझी तक्रार नाही. तो कुठपर्यंत पोचतो, एवढाच प्रश्न आहे. मी जे पाहिलं त्यात तो कारखान्याच्या गेटातून आत येतो, फार तर वजनकाट्यापर्यंत जातो आणि तिथंच थांबतो. काट्यावर येणारा ऊस कुणी तोडला, हे त्याला माहीत नसतं.

माझी सगळी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या लिहिणारा, म्हणून लागलो आणि ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र त्या एका कारखान्याविरुद्ध नाही. शेजारच्या तालुक्यात वेगळं काही चालत नव्हतं.

तोडणीची व्यवस्था तुमच्यापैकी बहुतेकांनी जवळून पाहिलेली नसणार, म्हणून ती आधी सांगतो. कारखाना ऊस तोडायला स्वतःचे मजूर ठेवत नाही. तो वाहनमालकाशी, म्हणजे तोडणी-वाहतूक कंत्राटदाराशी करार करतो. कंत्राटदार मुकादमाला पैसे देतो. मुकादम बीड, धाराशिव, जालना, परभणी, पाथर्डी या बाजूला जाऊन टोळी बांधतो. टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. त्या जोडप्याला पावसाळ्यात घर चालवायला, लग्नाला, दवाखान्याला पैसे लागतात, तेव्हाच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दिली जाते. दिवाळीच्या आगेमागे ते बिऱ्हाड घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ती उचल फेडतात. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. आजारपणाने दिवस बुडाला तर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची कमाई जाते आणि वर दंड बसतो. अशा मजुरांची नक्की संख्या कुणाकडेच नाही, अंदाज दहा लाखांच्या आसपासचे आहेत.

या साखळीत कारखाना, कंत्राटदार, मुकादम, कोयता असे चार दुवे आहेत आणि प्रत्येकाला खालच्या दुव्याबद्दल 'तो माझा माणूस नाही' असं म्हणायची सोय आहे. कारखाना म्हणतो, आमचा करार कंत्राटदाराशी. कंत्राटदार म्हणतो, मुकादमाला विचारा. मुकादमही फार सुखात असतो असं समजू नका. टोळी उचल घेऊन गायब झाली तर तो बुडतो, कंत्राटदार बुडतो, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात. अशा बुडालेल्या वाहनमालकांना मी रडताना पाहिलं आहे. मजूर तेवढे साधे आणि मुकादम तेवढा राक्षस, असा सिनेमा मला तुम्हाला दाखवायचा नाही. पण सगळा व्यवहार कर्जावर उभा असला की त्याचा भार शेवटी ज्याच्याकडे गहाण ठेवायला अंगमेहनतीखेरीज काहीच नाही, त्याच्यावर येतो. आणि त्या जोडप्यातही तो दोघांवर सारखा येत नाही.

कारण हिशेब नवऱ्याच्या नावाने असतो. उचल त्याच्या नावावर, वहीत नाव त्याचं. ती पहाटे चारला उठून भाकऱ्या थापते, पाणी आणते, फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, येऊन मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, रात्री-अपरात्री वाहन भरायला उभी राहते, आणि कागदावर ती कुठंच नाही. तुमच्या धोरणात 'समान कामाला समान वेतन' असं वाक्य आहे. जिची नोंदच नाही, तिचं वेतन समान आहे की नाही, हे तुम्ही कशावरून तपासता?

या नसलेल्या नोंदीची किंमत काय, हे २०१९ मध्ये सगळ्या देशाला कळलं. ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे साधारण सहात एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायची अट आली. चांगलं झालं. पण याला फक्त डॉक्टरांच्या लबाडीचं प्रकरण समजून मोकळं होऊ नका. फडात संडास नाही, मजूर राहतात त्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, धुवायला पाणी नाही, पाळीत विश्रांती घेतली तर खाडा. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात पुन्हा मोळी डोक्यावर. अंगावरून जाणं, पोटात दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढायचं आणि मग कुणीतरी 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' म्हणालं की कर्ज काढून ऑपरेशन करायचं. ते कर्ज पुढच्या उचलीतून. डॉक्टरच्या टेबलापर्यंत तिला नेणारी वाट तोडणीच्या हिशेबातूनच जाते.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी या साखरेचा माग काढत तो कोका-कोला आणि पेप्सिकोसारख्या ग्राहकांपर्यंत नेला. कर्ज, बालविवाह, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, सगळं त्यात होतं. बीड-धारूरच्या माणसाला त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते एवढंच, की बाटलीवर ज्यांचं नाव छापलेलं आहे त्यांना जाहीरपणे प्रश्न विचारले गेले.

आता तुमच्या ऑडिटबद्दल. मोठ्या ग्राहकाचा माणूस येणार असं पत्र आलं की कारखान्यात काय होतं, ते मी आतून पाहिलं आहे. अग्निशामक नळकांड्यांवर नवीन तारखांच्या चिठ्ठ्या लागतात. कँटीनला रंग. 'येथे बालकामगार ठेवले जात नाहीत' असा फलक, तोही इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. कायम कामगारांचे पगारपत्रक, पीएफचे चलन, हेल्मेट घातलेले फिटर. पाहुणे बॉयलिंग हाउस बघतात, गोदाम बघतात, गेस्ट हाउसवर जेवतात. एखादा फारच चिकाटीचा निघाला तर त्याला रस्त्याकडेचा फड दाखवायचा, जिथं टोळी आधीच सांगून ठेवलेली असते. शेतकी खात्याकडे कुणी टोळ्यांची यादी मागितल्याचं मला आठवत नाही. कारखान्यात बाराही महिने काम करणारे काही शे, फार तर हजारभर. त्याच कारखान्यासाठी फडात राबणारे त्याच्या कितीतरी पट. तुमचा अहवाल त्या पहिल्यांवर तयार होतो.

प्रमाणपत्रांचंही तेच. बोन्सुक्रोसारखी ऊस-साखरेच्या शाश्वततेची प्रमाणपत्रं वाईट नाहीत, त्यांच्या निकषांत मजुरीही आहे आणि वेठबिगारीही. पण प्रमाणपत्र कारखान्याच्या सगळ्या उसाला असतंच असं नाही, ठरावीक क्षेत्रापुरतंही असतं. आणि प्रत्यक्ष साखर न उचलता त्याचं क्रेडिट विकत घेण्याची सोयही आहे. म्हणजे अहवालात 'शाश्वत साखर' अमुक टक्के असं येतं, आणि बाटलीतली साखर कुठल्या फडातली हे कोडंच राहतं.

तुमच्यापैकी ज्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यातल्या बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो. त्यातलं पाचवं तत्त्व मानवाधिकारांचं आहे. किती जणांना प्रशिक्षण दिलं, किमान वेतन किती जणांना, लैंगिक छळाच्या, बालमजुरीच्या, वेठबिगारीच्या तक्रारी किती, असे रकाने आहेत. स्वतःच्या नोकरांबद्दलचे बहुतेक प्रश्न सक्तीचे. पुरवठादारांपैकी कितींची तपासणी केली हा प्रश्न मात्र ऐच्छिक गटात. पुरवठासाखळीची माहिती मोठ्या कंपन्यांकडून घ्यायची असं सेबीने २०२३ मध्ये ठरवलं होतं, ते आधी पुढं ढकललं गेलं आणि मार्च २०२५ मध्ये ऐच्छिक झालं. त्यामुळे सध्या तुमच्यावर कायद्याचा बडगा नाही. 'वेठबिगारीच्या तक्रारी: शून्य' असं छापून तुम्ही कायद्याने अगदी खरं बोलता. ज्या बाईला तुमची कंपनी आपली साखर घेते हेच ठाऊक नाही, आणि तक्रारीसाठी दिलाय एक इंग्रजी ईमेल पत्ता, तिची तक्रार येणार कुठून?

तरीही तुम्ही स्वतःहून एक शब्द दिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांची व्यवसाय आणि मानवाधिकारांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०११ मध्ये मंजूर झाली आणि तुमच्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या धोरणांत त्यांचा आदराने उल्लेख असतो. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की नुकसान कंपनीने स्वतः केलं नसलं, तरी तिच्या मालाशी किंवा व्यवहाराशी ते थेट जोडलेलं असेल तर ते थांबवण्याचा प्रयत्न तिने करायचा आहे. 'ते आमचे कामगार नाहीत' हे उत्तर तिथं चालत नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं हीही वेठबिगारीच. उचलीच्या मोबदल्यात माणसाचं दुसरीकडे जाण्याचं स्वातंत्र्य गेलं, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा त्याला काय म्हणतो, हे तुमच्या विधी विभागाला विचारा. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. साखर व्यापाऱ्यांमार्फत येते, एकत्र मिसळते, मूळ शोधता येत नाही. अहो, निदान कारखान्यापर्यंतचं मूळ तरी तुमच्याकडे आहे, पोत्यावर कारखान्याचं नाव असतं. आणि कारखान्यापासून मागं जायला आमच्याइतकी चोख नोंद दुसऱ्या कुठल्या पिकात असेल असं मला वाटत नाही. उसाच्या प्रत्येक खेपेला स्लिप असते. त्यावर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, वाहनाचा नंबर, कंत्राटदाराचा कोड, वजन. तोडणीचे पैसे आणि उचलीची वसुली त्या स्लिपवरूनच होते, त्यामुळे तिथं चूक चालत नाही. कोणता ट्रॅक्टर किती वाजता काट्यावर चढला हे कॉम्प्युटरमध्ये आहे. को ८६०३२ की दुसरी जात, हे आहे. फक्त तोडणाऱ्याचं नाव नाही. ते नसण्याला तांत्रिक कारण कुठलंच नाही. आजवर कुणी मोठ्या गिऱ्हाइकाने ते मागितलं नाही, इतकंच.

म्हणून माझं पहिलं मागणं हेच. खरेदीच्या करारात अट घाला की तोडणी करणाऱ्या प्रत्येकाचं, बाईचंही, नाव कारखान्याच्या नोंदीत असेल आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातील. इथं एक धोका आहे, तो आधीच सांगतो. नाव लावायचं निमित्त करून उचलीच्या कागदावर बाईचाही अंगठा घेतला, तर आज निदान कागदोपत्री कर्जातून मोकळी असलेली बाई उद्या त्यातही अडकेल. नोंद कामाची हवी, कर्जाची नको. अट लिहिताना ही दोन वाक्यं वेगळी लिहा.

दुसरं पैशांचं. याबद्दल तुमच्या अहवालांत एक ओळ नसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जानेवारी २०२४ मध्ये मजूर संघटना आणि कारखान्यांच्या साखर संघाच्या वाटाघाटींत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, तो टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचं कमिशन वेगळं. चांगली चपळ जोडी दिवसाला दोन टन तोडते. म्हणजे दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे, पहाटे ते रात्र. आता एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेमागे तोडणाऱ्या जोडप्याला मिळतात साडेतीन-पावणेचार रुपये. तुम्ही साखरेला किलोमागे एक रुपया जास्त दिला आणि तो खरोखर फडापर्यंत पोचला, तर तोडणीचा दर टनाला १०० रुपयांनी, म्हणजे एका फटक्यात पाव हिश्शाहून जास्त वाढतो. तीनशे मिलीच्या गोड शीतपेयात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. तिथं त्या रुपयाचे होतात तीन पैसे. तीन पैशांचं नाणं आता चलनातही नाही. अर्थात तुम्ही जेवढी साखर घ्याल तेवढ्याच उसापुरता हा हिशेब, सगळ्या कारखान्याचा नाही. पण सुरुवात कुठूनतरी व्हायला हवी, आणि पैसे असणाऱ्याकडून व्हावी.

हा रुपया तुम्हीच का द्यायचा, तेही सांगतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून, शेतकऱ्याच्या पैशातून वजा होतो. मजुरी वाढली की ती उत्पादकाच्या खिशातून जाते, म्हणून आमच्याकडे मजूर आणि शेतकरी एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघतात. कारखान्यांचा हात अडकलेला आहे तो वेगळ्या कारणाने. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढची अनेक वर्षं तिथंच राहिला. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला २७५ वरून २०२५-२६ साठी ३५५ रुपयांपर्यंत आली. देशात खपणाऱ्या साखरेत घरच्या चहाचा वाटा लहान, मोठा वाटा तुमच्यासारख्या घाऊक गिऱ्हाइकांचा. तुमचा खरेदी विभाग पाच-दहा पैशांसाठी टेंडर फिरवतो आणि तुमचाच सस्टेनेबिलिटी विभाग त्याच कारखान्याला मजुरांची काळजी घ्या म्हणून पत्र पाठवतो. पत्राचा दोघांनाही त्रास नाही, कारण टेंडरमध्ये त्या पत्राला गुण नाहीत. मी दोन्ही विभागांना एकाच पत्रात घातलं आहे ते मुद्दाम.

ऑडिट करायचंच असेल तर फडात करा, आणि जूनमध्ये धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडच्या गावांत आणि तांड्यांवर जाऊन करा. फडात मुकादम दहा पावलांवर उभा असतो, तिथं बाई काय बोलणार? गावात, पुढची उचल घेण्याआधी, मराठी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी बाई जाऊन बसली तर बोलतील. खाडा किती कापला, उचल किती लिहिली आणि हातात किती आली, पोरगी शाळेत आहे की कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाळीत काय करता. पुरुष ऑडिटरने गाडीतून उतरून हे विचारण्यात अर्थ नाही.

पाणी, फिरतं शौचालय, फिरता दवाखाना याबद्दल मी फार लिहीत नाही. ते अवघड नाही हे तुम्हालाही माहीत आहे. ऊसतोड कामगारांसाठी सरकारचं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. तुमच्या सीएसआरने फडात एक दिवस सॅनिटरी नॅपकिन वाटून फोटो काढण्यापेक्षा, तुमच्या पुरवठादार कारखान्यांच्या टोळ्यांतली किती मुलं त्या वसतिगृहांत पोचली याचा आकडा दर वर्षी छापा. वाईट आला तरी छापा.

आणि एक विनंती. हे सगळं झेपत नाही म्हणून महाराष्ट्रातली साखरच बंद करून उत्तर प्रदेशातली किंवा बाहेरून घेऊ, असा शहाणपणा करू नका. बातमी आली की पुरवठादार यादीतून काढायचा, ही तुमची जुनी सवय. त्याने तुमचा अहवाल स्वच्छ होतो आणि कोयत्याची उचल तशीच राहते. सगळं हार्वेस्टरने करू, हेही इतकं सरळ नाही. यंत्र येतंय, येऊ दे. पण लहान तुकड्यांत, ओल्या रानात ते नीट चालत नाही, आणि कोरडवाहू बालाघाटावरच्या माणसाला त्याने दुसरं काम दिलेलं नाही. राहा, आणि कारखान्याशी एका हंगामाऐवजी तीन-पाच हंगामांचा करार करा. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक टिकेल याची खात्री असेल तरच कुठलाही कार्यकारी संचालक कंत्राटदारांशी भांडण घेईल.

गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं, पण टोळ्या त्याच्या कितीतरी आधी बांधल्या जातात. उचल आषाढापासून वाटली जाते. ती एकदा वाटली गेली की त्या हंगामात कुणाचंही काही चालत नाही, ना कारखान्याचं, ना तुमचं. तेव्हा करारातल्या या अटी मे महिन्याच्या आत कारखान्यांपर्यंत गेल्या पाहिजेत. तोपर्यंत एवढं तरी करा: महाराष्ट्रातल्या कोणत्या कोणत्या कारखान्यांची साखर तुम्ही घेता, त्यांची नावं मराठीत जाहीर करा. बाकी चौकशी आम्ही इकडून करतो.

आपला,
शेतकी खात्यातला एक निवृत्त ओव्हरसियर